शासन निर्णयांचा आपोआप सारांश काढताना माणसाला कुठे सामील करावं? सारांशाखाली अंगठा वर-खाली पुरेसा आहे का?

नाही. अंगठा खाली आला म्हणजे सारांश नावडला, एवढंच कळतं. मुद्दा सुटला, आकडा चुकला की वाक्य तुटलं, ते कळत नाही.

वाचणारा कोण, हे सारांश काढण्याआधीच विचारा. शेतकऱ्याला पात्रता, रक्कम, मुदत आणि कागदपत्रं हवी असतात, लेखा शाखेला लेखाशीर्ष.

माणसाची खरी गरज मधल्या टप्प्यावर, मुद्दे निवडताना असते. जीआरमधलं एक वाक्य अर्धं पान चालतं, म्हणून वाक्यावर नव्हे तर सुट्या मुद्द्यावर 'ठेवा' आणि 'गाळा' अशी बटणं द्या. एका फेरीत दहा-बाराच मुद्दे दाखवा, जास्त दिले की माणूस न वाचता दाबत सुटतो. ज्यांबद्दल मॉडेल साशंक आहे तेच मुद्दे आधी विचारा आणि उत्तर आलं की त्यांच्यासारख्या बाकीच्या मुद्द्यांचं वजन लगेच बदला.

शेवटच्या तपासणीत सारांशाच्या वाक्यावर क्लिक केलं की मूळ परिच्छेद शेजारी उजळला पाहिजे. ही सोय नसेल तर भाषा सफाईदार आहे म्हणून चुकाही पास होतात. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो: 'यापूर्वी लाभ घेतला असल्यास अनुदान देय राहणार नाही.' यातलं 'नाही' कापलं गेलं की अर्थच उलटतो. 'वगळून', 'परंतु', 'अधीन राहून' हे शब्द मुळात असतील तर तो भाग तपासणाऱ्याला ठळक दाखवा. 'सदर योजना' उचलली, पण योजनेचं नाव मागेच राहिलं, हेही नेहमी होतं. 'क्र.' आणि 'रु.' यांच्या पूर्णविरामावर वाक्य तुटतं, ते मात्र माणसावर न टाकता कोडमध्येच निस्तरा.

दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही मजकूर कारणासह साठवा. अशा जोड्यांवरून मॉडेलला माणसाची पसंती शिकवता येते. ओपनएआयच्या 2020 च्या संशोधनात माणसांनी दोन सारांशांतून एक निवडला आणि त्यावरून गुण देणारं मॉडेल घडवलं. पण त्या गुणांमागे सारांश काढणाऱ्या मॉडेलला फार पळवलं तेव्हा माणसांच्या नजरेतून सारांश बिघडले, म्हणून अधूनमधून ताजी मतं घेत राहा.

आणि रूजच्या (ROUGE, म्हणजे सारांशातले शब्द माणसाने लिहिलेल्या सारांशाशी किती जुळतात ते मोजणारी पद्धत) आकड्यावर विसंबू नका. 'शेतकऱ्यांना' आणि 'शेतकऱ्यांसाठी' हे त्याला वेगळे शब्द वाटतात. गूगलच्या रूज-स्कोअर पॅकेजचा डीफॉल्ट टोकनायझर (मजकुराचे शब्द सुटे करणारा भाग) तर देवनागरी अक्षरं पुसूनच टाकतो, त्यामुळे चांगल्या सारांशालाही शून्य मिळू शकतं. स्वतःचा टोकनायझर द्या.