पडदा चांगला, मग दिसत का नाही?

प्रश्न : मॅडम, वय ४१. इतवारीत साड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. वर्षभरापासून दुपारी दाराजवळ बसलो की उजेडाने डोळे आपोआप मिटतात. मोरपंखी आणि हिरव्यात गल्लत होते, गिऱ्हाईक हसतं. संध्याकाळी जरा बरं असतं. चष्मा तीनदा बदलला. मोतिबिंदू नाही, पडदा चांगला, एमआरआय नॉर्मल. शेवटी डॉक्टर म्हणाले, 'टेन्शन घेऊ नका.' आता बायकोलाही वाटतं, मी सोंग करतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, 'संध्याकाळी बरं असतं' हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. भर उजेडात पाहणं आणि रंग ओळखणं हे पडद्यातल्या शंकूपेशींचं काम. त्या थकल्या, तर तक्रार नेमकी तुमच्यासारखी येते, आणि सुरुवातीला पडदा तपासताना काही सापडत नाही. साडी घडीत बघून रंग जातो का ते कळतं का? पाण्यात बुडवावीच लागते.

डोळ्यासाठी ते पाणी म्हणजे ईआरजी तपासणी. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, २० मिनिटं मिट्ट अंधारात बसवतात. मग डोळा बधिर करून बुबुळाला बारीक तार किंवा लेन्स लावतात, प्रकाशाचे झोत सोडतात आणि पडद्यात उठणारी वीज मोजतात. ती मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे अगदी इवलीशी असते, म्हणून डोळे मिचकावू नका. पुढे १० मिनिटं उजेडात बसवून सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा दिवा दाखवतात. त्या वेगाला शंकूपेशीच पुरतात, अंधारात पाहणाऱ्या दुसऱ्या पेशी नाहीत.

एक गोम आहे. साधा ईआरजी अख्ख्या पडद्याची बेरीज सांगतो. बिघाड फक्त मधल्या ठिपक्यात असेल, तर तोही नॉर्मल येतो. म्हणून 'मल्टिफोकल', म्हणजे मधल्या भागाची ठिकठिकाणी वेगळी वीज मोजणारा ईआरजी करायचा का, हे आधीच विचारा. दोन्ही चांगले आले, तर डोळ्यामागच्या नसेसाठी व्हीईपी, म्हणजे डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोचतो का ते पाहणारी तपासणी.

त्या दिवशी ईआरजीच्या आधी पडद्याचे फोटो काढू देऊ नका, झगझगाटाने निकाल बिघडतो. बाहुली काही तास मोठीच राहते, गाडी चालवू नका. बायकोला सोबत न्या, अंधारातली ती २० मिनिटं तिलाही बसू द्या.

शंकूपेशींचाच आजार निघाला, तर बरं करणारं औषध सहसा नसतं, हे आत्ताच सांगते. गडद काचांचा चष्मा मात्र उपयोगी पडतो. आई-वडील नात्यातले होते का, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, हे विचारून जा. आणि शेठजींना म्हणा, मला दारातून उठवून आत गल्ल्याजवळ बसवा.