वाचक विचारतात : मीरा मुखर्जी, घडवा आणि मेणाचा हिशेब

प्रश्न : मीरा मुखर्जींना आधुनिक शिल्पकार म्हणायचे की आदिवासी कलेच्या अभ्यासक? (कलाशाखेची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : त्यांच्या बाबतीत ही फारकत टिकत नाही. १९५३ ते १९५६ त्या म्युनिकच्या कला अकादमीत शिकल्या. परतल्यावर बस्तरला जाऊन घडवा कारागिरांकडून (मेणाच्या नमुन्यावर माती लावून, मेणाच्या जागी पितळ उतरवणाऱ्या) ओतकाम शिकल्या आणि पुढे भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण या सरकारी संस्थेसाठी देशभरच्या धातुकारागिरांची पाहणी केली. त्या पाहणीचे पुस्तक १९७८ साली निघाले. त्यांचा खरा संग्रह मूर्तींपेक्षा मूर्ती घडवण्याच्या रीतींचा. युरोपात शिल्पकाराने नमुना करायचा आणि ओतायचे फाउंड्रीने, ही रीत. मुखर्जींनी मेण स्वतःच्या हातात ठेवले. त्यांच्या नावाड्यांच्या, मजुरांच्या अंगावर दिसणाऱ्या पट्ट्या आणि तारा मेणातच घातलेल्या असतात, मागाहून कोरलेल्या नसतात.

प्रश्न : कार्यशाळेत वीतभर बैल ओतला. शिंगे आणि पुढचे पाय आलेच नाहीत. पितळ कमी पडले का? (वाचक, चंद्रपूर)

उत्तर : आधी तोच हिशेब करा. माती लावण्यापूर्वी मेण तोला, ओतण्याच्या वाटेसकट. पितळ मेणाच्या सुमारे नऊपट जड. सांडलवंड धरून दहापट घ्यावे. १२० ग्रॅम मेण असेल तर १ किलो २०० ग्रॅम पितळ. (बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आठपट सांगितले आहे. आमच्या मते ते काठावरचे.)

पितळ पुरेसे होते, तर मग साचा थंड होता. घडवा मुशीतून साच्यात ओततच नाहीत. साच्याच्या तोंडाशी मातीची वाटी करून तीत मोड (जुने तुटकेफुटके पितळ) भरतात, वाटी मातीने बंद करतात आणि सगळे मिळून भट्टीत ठेवतात, वाटी खाली. मेण जळून मातीत जिरते, पितळ वितळते. मग सांडशीने उचलून उलटे केले की रस खाली उतरतो. साचा रसाइतकाच तापलेला असल्याने दोऱ्याएवढी तारही भरते. तुम्ही वेगळे ओतणार असाल तर साचा लाल तापवा, मेणाचा थर ३ मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवू नका आणि शिंगांच्या टोकांपासून हवा निघायला मेणाच्या बारीक काड्या बाहेरपर्यंत काढा.

मातीकडेही पाहा. पहिला हात वस्त्रगाळ मातीचा, वरचे थर भाताचा कोंडा घातलेले. कोंडा जळून भोके पडतात, वायू तिथून निघतो. नुसत्या चिकणमातीत तो कोंडतो आणि रस अडतो. साचा सावलीतच वाळवा. उन्हात मेण मऊ होऊन घसरते. ओल राहिली तर मात्र वाफेने रस उसळतो, तिथे हात भाजण्यावर निभावत नाही. पितळेतले जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून पांढरा धूर दिसला की पितळ फार तापले असे समजा. काम उघड्यावरच, वारा पाठीमागून येईल असे उभे राहून.

प्रश्न : कारागिरांकडून मूर्ती घेतो. नोंद काय ठेवावी? (वाचक, पुणे)

उत्तर : गाव, तारीख, करणाऱ्याचे नाव आणि ते मूर्तीला काय म्हणतात ते, त्यांच्याच शब्दांत. मूर्ती देवाला वाहण्यासाठी होती की बाजारासाठी. माती कुठली, मेण किती, धातू कुठून आणला. फोटो खालच्या बाजूचाही काढा. जुन्या मूर्तीला चिंच लावून उजळवू नका, आणि पोटातली काळी माती खरवडू नका. गाभा (मेणाच्या आतला मातीचा गोळा) कशाचा होता ते पुढे तिच्यावरूनच कळते.