फासावरचा रील आणि त्याची वेगवेगळी रूपं

प्रश्न: कॅनडातल्या क्युबेकची 'रील द्यु पांद्यू' (फासावरचा रील; रील म्हणजे जलद नाचाची धून) ही फिडलची, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनची, धून यूट्यूबवर ऐकली, पण प्रत्येक जण वेगळीच वाजवतोय, मग ओरिजनल कुठली?

उत्तर: खरं सांगू का, ओरिजनल असं काही नाहीच! दंतकथा अशी की फाशीच्या कैद्याला म्हणे फिडल दिलं आणि सांगितलं वाजवून दाखव तर सुटशील, आणि पठ्ठ्याने ही धून वाजवली आणि सुटला. गोष्ट झकास आहे, पण इतिहास म्हणून घेऊ नका. खरी मजा तारांमध्ये आहे, चार तारांचे नेहमीचे स्वर जी-डी-ए-ई (खालच्या तारेपासून वर) सोडून ए-ई-ए-सी शार्प असे लावतात, म्हणजे खालच्या दोन तारा चढवायच्या आणि सगळ्यात वरची उतरवायची, त्यामुळे मोकळ्या तारा सतत गुंजत राहतात आणि एकटं फिडल भरलेलं वाटतं. मग कोणी दोनच भाग वाजवतो, कोणी भाग वाढवतच जातो. क्युबेकचे फिडलवादक झाँ कारिन्याँ (१९१६–१९८८) यांचं वादन आधी ऐका, हा माणूस मॉन्ट्रियलमध्ये टॅक्सी चालवायचा, बोला! अमेरिकेतले ओल्ड-टाइमवाले, म्हणजे तिथलं जुन्या वळणाचं लोकसंगीत वाजवणारे, हीच धून 'हँगमन्स रील' म्हणून वाजवतात.