ट्रॅव्हल नर्सिंग की परमनंट? आधी हे वाच

अगं एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) पास झालीस, अभिनंदन! पण लगेच ट्रॅव्हलच्या, म्हणजे एजन्सीतर्फे काही आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काम करण्याच्या मागे नको लागूस. मी इथे अमेरिकेत आधी परमनंट केलं मग ट्रॅव्हल, म्हणून सांगते, एकाच युनिटमध्ये निदान दोन वर्षं काढ, कारण ट्रॅव्हलरला ओरिएंटेशन जेमतेम एक-दोन शिफ्टचं, माझ्या पहिल्या असाइनमेंटला दुसऱ्याच दिवशी पाच पेशंट हातात आणि क्रॅश कार्ट (इमर्जन्सीची औषधं-उपकरणांची गाडी) कुठेय तेही माहीत नाही!

ट्रॅव्हलच्या आठवड्याच्या पगाराचा आकडा बघून हुरळू नकोस. त्यात घरभाडं-जेवणाचा स्टायपेंड धरलेला असतो, तो टॅक्स-फ्री हवा तर टॅक्स होम लागतं, म्हणजे कायमचं घर दुसरीकडे आणि त्याचाही खर्च तू खरंच भरतेयस असं. बऱ्याच जणी इथेच फसतात.

सही करण्याआधी बघ:
- गॅरंटीड अवर्स (काम कमी असलं तरी पगार मिळेलच असे तास) लिहिलेत का? कॉन्ट्रॅक्ट साधारण १३ आठवड्यांचं, पण मधेच कॅन्सल होऊ शकतं
- फ्लोट कुठे करणार, म्हणजे गरज पडली की दुसऱ्या कुठल्या युनिटला पाठवणार
- कॉम्पॅक्ट लायसन्स (एकाच लायसन्सवर बऱ्याच राज्यांत काम करता येतं ते) कॅलिफोर्नियात चालत नाही

परमनंटला पैसे कमी, पण पेड लीव्ह, ४०१के (निवृत्तीसाठीची बचत योजना), (आणि युनिटमधलं राजकारण फुकट). ग्रीन कार्ड हॉस्पिटलने स्पॉन्सर केलं असेल तर तिथलं कॉन्ट्रॅक्ट आधी नीट वाच, मधेच सोडलं तर पैसे परत मागण्याचं कलम असतं बऱ्याचदा.