फुटाला एक सूत

"मॅडम, तब्येत आता अशी. उरलीसुरली हौस करून घ्यायची, की पैसे दवाखान्यासाठी राखून ठेवायचे?"

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. निपाणीच्या निवृत्त शिक्षिकेला काशीला जायचं असतं आणि गुडघे नाही म्हणतात. चंदगडहून येणाऱ्या एका गृहस्थांच्या हृदयाची ताकद कमी झाली आहे, त्यांना नातवाला समुद्र दाखवायचा आहे. घरातले दोन बाजूंना ओढत असतात. एक म्हणतो, आता नाही तर कधी? दुसरा म्हणतो, आता कशाला? दोघेही प्रेमापोटीच बोलतात, म्हणून भांडण मिटत नाही.

इथे एकाच जोडप्याबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना अण्णा आणि काकी म्हणू.

अण्णांनी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत उभी हयात पॅटर्नमेकर म्हणून काढली. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग ओतायच्या आधी त्याचं लाकडी रूप घडवणारा तो पॅटर्नमेकर. वय अडुसष्ट, पार्किन्सन होऊन पाच वर्षं झालेली. दारात जुनी ओम्नी व्हॅन. तिच्या मागच्या सीट काढून त्यांनी स्वतः प्लायवुडचा पलंग बसवला होता, खाली शेगडी, पाण्याचा कॅन आणि कपड्यांचे कप्पे. बेत असा की दोघांनी बेळगावहून निघायचं, गाडीतच झोपायचं, गाडीतच शिजवायचं आणि कन्याकुमारी बघून बारा दिवसांत परत यायचं. लॉजचा खर्च नाही, हॉटेलचा नाही. सगळं पंचवीस हजारांत.

वही घेऊनच आले होते. ओळीची सुरुवात ठसठशीत, आणि शेवटाकडे जाता जाता अक्षर मुंगीएवढं. पार्किन्सनमध्ये असं होतं, हात आपोआप आखडत जातो. "दिवस सहावा"च्या पुढे काय लिहिलंय ते त्यांनाच वाचता येईना. काकींनी वही हातात घेतली आणि वाचलं, "गाडी चालवणार: मी."

न्यूरॉलॉजिस्टनी गाडी चालवायची नाही असं सांगून सहा महिने झाले होते.

पहिल्या दोन भेटी याच ओळीवर भांडण्यात गेल्या. अण्णा म्हणायचे, "तीस वर्षांत एक ओरखडा न्हाई गाडीला." काकी गप्प. शेवटी मी अण्णांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं तशा त्या बोलल्या, "मी रात्री झोपतो कुठं वो मॅडम? ह्यांना कूस वळता येत न्हाई, हाक मारतात, मी उठतो. घरात शेजार हाय. हायवेच्या कडेला काय झालं तर मी एकटा कुणाला हाक मारू? कन्नड बी धड येत न्हाई मला." (आमच्या भागात बायकाही 'येतो, जातो' म्हणतात. बाहेरच्यांना गंमत वाटते, मला त्यात घर दिसतं.)

पैशाचं भांडण म्हणून आलेली बहुतेक जोडपी अशीच निघतात. काकींचा विरोध प्रवासाला नव्हता. रात्री अडीच वाजता आपण एकट्या असू, याला होता. आणि हे पाच वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, अण्णांनी तर नाहीच.

तिसऱ्या भेटीत मी आजाराचा विषय काढलाच नाही. पॅटर्न कसा करतात तेवढं विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं, पण हेही कबूल करते की माणूस ज्या कामात उस्ताद असतो तिथून त्याच्याशी बोलायला सुरुवात करावी, हा माझा जुना शिरस्ता आहे. अण्णा खुलले. हात थरथरत होते, पण हवेत माप दाखवताना बोटं अचूक थांबत होती.

मी भोळेपणाने विचारलं, "म्हणजे ड्रॉइंगमध्ये एक फूट असेल, तर पॅटर्नही एक फुटाचाच?"

अण्णा हसले. "मग कास्टिंग बाद की वो! बीड थंड होताना आकसतं. फुटाला एक सूत, म्हंजे इंचाचा आठवा भाग, जादा धरायचं. आमची मोजपट्टीच येगळी असते, आकसण्याचा हिशोब तिच्यातच असतो."

"आकसणार हे आधीच माहीत असतं?"

"असतं की. धातू हाय तो. त्याच्यावर रागवून काय उपयोग?"

मी वही त्यांच्याकडे सरकवली. काही बोलले नाही. ते पान बघत बसले, त्या ओळी, ते शेवटाला बारीक होत गेलेलं अक्षर. बाहेर रिक्षा जात होत्या. बराच वेळाने म्हणाले, "हे मी ड्रॉइंगच्या मापाचंच केलंय." मग डोळ्यांना पाणी आलं. काकींनी पदर पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली.

वीस वर्षांच्या कामात असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो मी आणला असं म्हणणार नाही, पण वही सरकवायची वेळ मला कळली, एवढं श्रेय मी घेते.

माझा ओढा पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या विचाराकडे आहे. ते पियानोवादक रुबिनस्टाइन यांचं उदाहरण देत. ऐंशीच्या घरात तुम्ही इतकं चांगलं कसं वाजवता, असं विचारल्यावर रुबिनस्टाइन म्हणाले होते की मी थोड्याच रचना वाजवतो, त्यांचा रियाज जास्त करतो, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम संथ होतो म्हणजे पुढचा भाग जलद वाटतो. मला हे फार वेळा उपयोगी पडलं आहे. पण अण्णांचं सूत त्याहून नेमकं आहे, असं मला आता वाटतं. "जायचं की नाही" हा प्रश्न माणसाला कात्रीत धरतो. "किती सूत सोडायचं" म्हटलं की हात कामाला लागतात.

त्यांचे लागले. सगळा बेत गोळीच्या घड्याळावर बसवला. लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाची गोळी उतरत आली की अण्णांचे पाय जमिनीला चिकटतात, म्हणून गाडीत चढणं-उतरणं गोळी चढलेल्या तासांत. गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण डाळ, दूध, अंडं यातली प्रथिनं तिच्या आड येतात. गोळ्यांचे दोन संच दोन वेगळ्या पिशव्यांत, उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवायच्या नाहीत. या गोळ्या एकदम बंद पडल्या तर जिवावर बेतू शकतं, हे मी दोघांकडूनही म्हणून घेतलं.

पैशाचंही तसंच. तीन महिन्यांची औषधं आणि आडवेळेला एक रात्र दवाखान्यात काढावी लागली तर लागेल ती रक्कम आधी बाजूला. तिला प्रवासात हात लावायचा नाही. उरले अकरा हजार. हे मी सगळ्यांनाच सांगते, कारण दवाखान्याचे पैसे वेगळे दिसले की घरच्यांचा विरोध निम्मा गळतो. अकरा हजारांत कन्याकुमारी नव्हती. सौंदत्ती, बदामी, पट्टदकल, ऐहोळे होती, जाऊन-येऊन सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, दिवसाला शंभराच्या आत. चालवायला भाचा. तिसऱ्या रात्री कमोड असलेला लॉज, कंजूषपणा न करता. महिना जानेवारी, कारण तिकडचा उन्हाळा भल्याभल्यांना झेपत नाही.

आधी एक रात्र खानापूर तालुक्यात मेव्हण्याच्या अंगणात गाडी लावून झोपायचं, ही माझी अट होती. अण्णांना ती पोरकट वाटली. पण त्या रात्री तीन गोष्टी कळल्या. पलंगाखाली कप्पे हवेत म्हणून तो इतका उंच झाला होता की उठून बसताना डोकं टपाला लागायचं. सुती चादरीवर कूस वळत नव्हती, काकींनी जुनी गुळगुळीत साडी अंथरली तेव्हा वळली. आणि रात्री दोनदा लघवीला उतरताना धरायला काहीच नव्हतं. अण्णांनी पलंग चार इंच उतरवला, कप्पे अर्धे केले, आणि सरकत्या दाराजवळ दोरीचा फास बांधला. तुम्ही असा काही बेत करत असाल तर ही अंगणातली रात्र चुकवू नका. मात्र गाडीत कायमचे बदल करायचे असतील तर आधी आरटीओत विचारून घ्या.

काकींसाठी एक कार्ड केलं, कन्नड आणि मराठीत. "मला पार्किन्सन आहे. मी दारू प्यायलेलो नाही. मला थोडा वेळ द्या." मागे औषधांची नावं आणि 108, जो कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्र-गोव्यातही. ते कार्ड एकदाच वापरावं लागलं, सौंदत्तीच्या पायऱ्यांवर. तिथल्या एका फुलवालीने ते वाचलं आणि अण्णांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं. तिचं कन्नड काकींना अर्धंच कळलं.

एक दिवस आधीच परतले. ऐहोळेला अण्णा थकले, तेव्हा "परत" हा शब्द त्यांनी स्वतः उच्चारला. बेतात ती जागा ठेवलेली होती.

पुढच्या आठवड्यात अमीनगडच्या करदंट या मिठाईचा डबा घेऊन आले. चालणं आधीपेक्षा किंचित आखूड वाटलं मला, आणि त्यांनाही वाटलं असावं. खुर्चीत टेकले, वही उघडली. नव्या पानावर फक्त "हंपी" लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात.

"पुढल्या खेपेला," ते म्हणाले, "दीड सूत सोडावं लागणार, मॅडम."