कृमी ‘माग’ काढतो का?

परळच्या एका शिक्षिकेचा प्रश्न : ‘सूत्रकृमी वासाचा माग काढत अन्नापर्यंत पोहोचतो’ हे वाक्य बरोबर आहे का? नाकच नाही, तर ‘वास’ तरी कसा म्हणायचा?

‘वास’ खुशाल म्हणा. सी. एलेगन्स या जेमतेम १ मिलिमीटरच्या सूत्रकृमीच्या (दोऱ्यासारख्या बारीक कृमीच्या) तोंडाशी दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे असतात. तिथल्या काही चेतापेशी हवेतली रसायने टिपतात. खटकतो तो ‘माग’. हल्ली क्षेपणास्त्रांपासून जाहिरातदारांपर्यंत जो तो माग काढतो, ऐकून कान किटले.

माग आला मार्गावरून, आणि मार्ग म्हणजे आधी रस्ता नव्हेच, मृगाने उमटवलेल्या खुणा. मृगही नुसते हरीण नव्हे, कोणताही रानपशू. म्हणून तर माकड शाखामृग. ‘मागणे’ याच घरातले : आधी शोधणे, मग हात पसरणे. ‘मागे’ म्हणजेही मुळात ‘मागावर’, असे माझे ठाम मत. (विणकराचा माग यात ओढू नका.) निरुक्तकार यास्क, म्हणजे वेदातल्या शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन पंडित, ‘मृग’ हा शब्द गत्यर्थी मृज् धातूपासून काढतो. यास्क थोर खराच, पण पळतात सगळेच प्राणी, ही व्युत्पत्ती कोणालाही चिकटेल. ‘मृग् म्हणजे शोधणे’ यावरून मृग साधणारे तर उलटी गंगा वाहवतात. तो धातूच नामावरून आला.

कृमीपुढे खूण नसते, फक्त कमीजास्त होणारा वास. वास वाढतोय तोवर तो सरकत राहतो. उतरला की जरा मागे येतो, अंग मुडपून वळतो, नवी दिशा धरतो. तुलना आत्ताची आणि क्षणापूर्वीची. डाव्या-उजव्या छिद्रांची नव्हे, कारण तो कुशीवर सरकतो आणि ती छिद्रे एकावर एक येतात. जोडीला डोके हलवत हळूहळू वासाकडे कलतोही. सगळा कारभार ३०२ चेतापेशींचा. याला ‘चाचपडत जातो’ किंवा ‘वासाच्या रोखाने जातो’ म्हणावे.

प्रयोगशाळेत हे दिसते. आगरच्या (जेलीसारख्या थराच्या) बशीत एका कडेला इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) १:१००० विरळ केलेल्या डायअॅसिटिलचा (लोण्याचा वास) १ मायक्रोलिटर थेंब, समोर नुसते इथेनॉल. दोन्हीकडे सोडियम अझाइड, म्हणजे पोहोचलेला तिथेच थिजतो. ते जहाल विष आहे, शाळेत नको. कृमी आधी नीट धुवावेत, नाहीतर सोबत आलेल्या जिवाणूंवरच रेंगाळतात. तासाभराने मोजणी. मुंबईच्या पावसाळ्यात आगर लवकर सुकत नाही. पाण्याच्या थरात कृमी पुढे न जाता नुसते वळवळतात. आणि डायअॅसिटिल विरळ न करता टाकले, तर तेच कृमी त्यापासून पळ काढतात.