गणपतीच्या देखाव्यात एचओ (1:87 मापाची मॉडेल) रेल्वे मांडायची आहे; गाडी लांबच्या बाजूला मंदावते आणि पॉइंटवर (रूळ दोन वाटांना फुटतात तिथे) अडते. वायरिंग कशी करावी?

तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे लेआउट 8 बाय 4 फुटांचा आहे, दोन फेऱ्या आहेत, साधा 12 व्होल्ट डीसी कंट्रोलर आहे आणि प्रत्येक फेरीला वायरची एकच जोडी दिली आहे. सोसायटीच्या मंडपात दहा दिवस गाड्या चालवायच्या आहेत. एकच जोडी हे वाचल्यावर मी इंजिनाला दोष देणार नाही. मंदावण्याचं कारण रुळांत आहे आणि पॉइंटवर अडण्याचं कारण वेगळं आहे, म्हणून दोन्ही वेगवेगळे पाहू.

एचओचे रूळ बहुतेक निकेल-सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे आणि त्याचा विद्युतरोध तांब्याच्या दहापटीहून जास्त असतो. पण खरा घोटाळा दोन रूळ जोडणाऱ्या जॉइनरमध्ये होतो. ती पत्र्याची नुसती चिमटी असते. भाद्रपदातल्या दमट हवेत तिच्या आत मळाचा थर धरतो आणि दर जोडाला थोडा थोडा व्होल्टेज खाल्ला जातो.

हे तपासताना बहुतेक जण रिकाम्या रुळांवर मल्टीमीटर लावतात, सगळीकडे 12 व्होल्ट दिसतात आणि गोंधळ उडतो. करंट वाहिल्याशिवाय व्होल्टेज पडत नाही. म्हणून आधी गाड्या उतरवा. दुचाकीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब घ्या, त्याच्या दोन वायरी सर्वांत लांबच्या जागी दोन रुळांना लावा आणि कंट्रोलर पूर्ण वेगावर ठेवा. बल्ब सुमारे 0.8 अँपिअर घेतो. आता कंट्रोलरजवळ आणि बल्बजवळ मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर बल्ब पेटताच ठेवून, मीटर मिलिव्होल्टवर लावून, एकाच रुळावर प्रत्येक जॉइनरच्या अलीकडे-पलीकडे टोकं टेकवत जा. चांगल्या जोडावर पाच-दहा मिलिव्होल्ट दिसतील. जिथे दोन-तीनशे दिसतील तो जोड गुन्हेगार.

तो एकच जोड दुरुस्त करून थांबू नका, कारण आठवड्याने दुसरा बिघडेल. जॉइनर रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी आहे, वीज वाहून नेणं त्याच्यावर सोपवूच नये. 22 इंच त्रिज्येची बाहेरची फेरी साधारण 6 मीटरची आणि 18 इंचांची आतली साधारण सव्वापाच मीटरची होते. प्रत्येक फेरीखाली 1.5 चौ. मिमी तांब्याच्या दोन मुख्य वायरी फिरवा आणि दर मीटरला रुळांपासून 0.5 चौ. मिमीची, 15-20 सेंमी लांबीची फीडरची (रूळ मुख्य वायरीला जोडणाऱ्या छोट्या वायरींची) जोडी खाली उतरवा. दोन्ही फेऱ्यांना मिळून बारा जोड्या पुरतात. आतला रूळ लाल, बाहेरचा काळा, हा नियम एकदाही मोडू नका. प्रत्येक जोडीनंतर, कंट्रोलर बंद ठेवून, दोन रुळांमध्ये मीटरचा बीप वाजत नाही ना हे बघा. बारा जोड्या झाल्यावर उलटी लागलेली एक जोडी शोधायला संध्याकाळ जाते.

सोल्डरिंग रुळाच्या बाहेरच्या अंगाला करा. आतून केलंत तर चाकाची कड त्या गोळीवर चढते. जागा आधी कानशीने घासून चकचकीत करा, वायरचं टोक आणि रूळ दोन्हींवर वेगवेगळा सोल्डर चढवा, मग एकत्र धरून दोन-तीन सेकंदांत काम संपवा. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की प्लास्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. 25 वॅटचं बारीक सोल्डरिंग आयर्न इथे उलट घातक आहे. ते हळू तापवतं, तोवर उष्णता स्लीपरपर्यंत पोचते, म्हणून 60 वॅटचं घ्या. फ्लक्स रोझिनचाच वापरा. पत्राकामाचा आम्लाचा फ्लक्स वायर आतून खातो.

आता पॉइंट. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या फ्रॉगचा तुकडा प्लास्टिकचा असेल तर तिथे वीजच नसते. सहाही धुऱ्यांवरून वीज घेणारं लांब डिझेल तो सहज ओलांडतं, चार चाकांचं छोटं शंटर (यार्डात डबे हलवणारं इंजिन) नेमकं तिथेच बसतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे देखाव्यात लांब इंजिनंच चालवणं. फ्रॉग धातूचा असेल तर त्याची वायर मायक्रोस्विचच्या कॉमनला आणि दोन बाहेरचे रूळ त्याच्या एनओ आणि एनसी या उरलेल्या दोन टोकांना जोडा. स्विच पॉइंटच्या मोटरबरोबर किंवा सर्वोच्या (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांडीबरोबर हलला पाहिजे. फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही रुळांवर प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर लागतातच. पॉइंट बरोबर लावूनही फ्रॉगवर शॉर्ट होत असेल तर एनओ-एनसीची अदलाबदल करा. कॉइलची मोटर असेल तर तिला क्षणभरच वीज मिळाली पाहिजे. साधा टॉगल स्विच लावला आणि तो चालूच राहिला, तर कॉइल थोड्याच वेळात जळते. दाबून सोडायचं बटणच लावा, आणि तेही मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी.

दोन फेऱ्यांमधल्या क्रॉसओव्हरचे (एका फेरीतून दुसरीत नेणाऱ्या जोडरुळाचे) दोन्ही रूळ इन्सुलेट करा आणि दहा दिवस तो वापरूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक फेरीला स्वतंत्र अॅडॉप्टर आणि स्वतंत्र कंट्रोलर द्या. कंट्रोलर ते रूळ या वाटेत, एका वायरमध्ये, ब्रेकलाइटचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. इंजिन 0.25 ते 0.3 अँपिअर घेतं तोवर बल्बची तार थंड राहते आणि तो जवळजवळ काहीच अडवत नाही. गाडी घसरून शॉर्ट झाला की बल्ब लख्ख पेटतो, करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडतो आणि गर्दीतही लांबून कळतं.

8 बाय 4 ची अख्खी फळी लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून 4 बाय 4 चे दोन भाग करा. प्लाय बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) ग्रेडचा, 12 मिमी, खालूनही रंगवलेला असावा. एकाच बाजूने रंगवलेली फळी पावसात वाकते. दोन भागांना 8 मिमीचे बोल्ट आणि जागेवर नेमकं बसवण्यासाठी पिन काढता येणाऱ्या पितळी बिजागऱ्या लावा. जोडावरून रूळ आधी अखंड टाका, दोन्ही कडांना पितळी स्क्रूंवर सोल्डर करा, आणि मगच बारीक करवतीने कापा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर अर्धा मिलिमीटरची पायरी राहतेच. दोन भागांतल्या मुख्य वायरी एक्सटी60 सारख्या, उलट बसूच न शकणाऱ्या कनेक्टरने जोडा. घरात पडलेला तीन पिनांचा प्लग यासाठी कधीच वापरू नका. मंडपात कोणीतरी तो 230 व्होल्टच्या बोर्डात खुपसेल. मंडपातला पुरवठा 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागूनच (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागूनच) घ्या आणि अॅडॉप्टर सजावटीच्या कापडावर ठेवू नका.

वेग ताशी 60 किलोमीटरसारखा दिसायचा असेल तर 6 मीटरची फेरी 31 सेकंदांत व्हायला हवी. घड्याळ लावून एकदा कंट्रोलरवर खूण करा. एलएचबीचा (हल्लीच्या लांब एक्सप्रेस गाड्यांचा) डबा एचओमध्ये 27 सेंमी भरतो. तो बाहेरच्या फेरीवरच चालवा, आतल्या वळणावर लांब डब्यांचे कोपरे एकमेकांना ओढून घसरतात. रूळ कडेपासून 5 सेंमीवर येतात, तेव्हा भोवती 15 सेंमी उंचीचं 3 मिमी अॅक्रिलिक हवंच.

मंडपात रुळांचा खरा शत्रू धूळ नाही, आरती आहे. कापूर आणि धुपाची काजळी रुळांवर चिकट थर धरते. लेआउट समईपासून शक्य तितका लांब ठेवा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ, आरती झाल्यावर, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती कापडाने रूळ पुसा. पॉलिश पेपर लावू नका. त्याच्या ओरखड्यांत पुढची काजळी अधिक घट्ट बसते. चाकांसाठी तेच ओलं कापड रुळांवर आडवं टाका, इंजिनाची एक बोगी (खालच्या चाकांचा एक संच) कापडावर आणि दुसरी उघड्या रुळांवर ठेवा, इंजिन हाताने धरून मोटर दहा सेकंद फिरू द्या. कापडावर दोन काळ्या रेघा उठतील. मग इंजिन उलटं फिरवून दुसरी बोगी घ्या, आणि रेघा फिक्या होईपर्यंत कापडाची जागा बदलत राहा.